फुटलं तर माझ्या नावावर

पाणीपुरवठा खात्याने माझ्या नवऱ्याला निवृत्तीच्या दिवशी काय भेट दिली असेल? पाणी शुद्ध करायचं यंत्र. खोटं सांगत नाही. चकचकीत कागदात गुंडाळलेलं, वर लाल फीत. ज्या माणसाने सगळी नोकरी 'आमच्या नळाचं पाणी बिनधास्त प्या' असं लोकांना पटवण्यात घालवली, त्याच्या हातात त्याच्याच खात्याने भर सभेत ते खोकं ठेवलं आणि वर टाळ्या वाजवल्या. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. हेही हसले नाहीत. खोक्यावरचं लेबल वाचून पुटपुटले, "याला लागणारा दाब आपल्या गल्लीत मिळत नाही."

असा हा माणूस. इंजिनिअर म्हणून लागले आणि मोठे साहेब होऊन निवृत्त झाले, पण स्वभाव नळ दुरुस्त करणाऱ्याचाच राहिला. यांच्याबरोबर कोणाकडे जायची सोय नाही. गळका नळ यांना सोसत नाही. खिशात घराच्या किल्लीबरोबर रबरी वॉशर कायम. माझी आत्या वारली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले. घरात कुठेतरी टप टप आवाज येत होता. हे थोडा वेळ बसले, चुळबुळले आणि उठून आत गेले. आत्याच्या यजमानांना वाटलं, जावयाला भावना आवरल्या नाहीत, एकटं रडायचं असेल. ते बिचारे पाठीवर हात ठेवायला मागोमाग गेले, तर हे मोरीत उकिडवे बसून नळाची मान पिरगाळत होते. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहाटेची तऱ्हा वेगळी. एक लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची आणि तिचं दुसरं टोक कानाला लावून डोळे मिटून उभं राहायचं. जमिनीखाली पाईप कुठे गळतोय ते म्हणे त्यातून ऐकू येतं. आमच्या लेकीच्या वर्गातल्या मुलींनी हे पाहिलं आणि तिला विचारलं, "तुझे बाबा रस्त्याशी बोलतात का गं?" पोरगी शाळेत जायला तयार होईना. मी यांना म्हटलं, "रस्त्याचं एवढं ऐकता, कधी बायकोचंही ऐका." तर म्हणाले, "तुझं सळई न लावता ऐकू येतं."

माझ्या भावाने घर बांधलं तेव्हा त्याला नळाची दुसरी जोडणी हवी होती. नियमात एकच बसत होती. भाऊ आवाजात साखर घोळून म्हणाला, "दाजी, तुमच्या एका फोनचं काम." हे म्हणाले, "फोनचंच काम असेल तर तुम्हीच करा." त्यानंतर भाऊ आमच्याकडे आला तरी घोटभर पाणी प्यायचा नाही. येताना बाटली घेऊन यायचा आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवायचा. आणि आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? गल्लीत पाणी येईल तेव्हाच आमच्याकडे यायचं, गल्लीत नसलं की आमच्याकडेही ठणठणाट. पाणीवाल्याच्या घरात कोरड, असं शेजारणी तोंडावर म्हणायच्या. खरंच होतं ते.

हे सगळं मी एकवेळ सहन केलं असतं. पण टेकडीने मात्र माझा जीव खाल्ला.

शहराच्या कडेला टेकडी आहे आणि टेकडीवर मोठी वस्ती आहे. तिथे घरोघरी नळ होते, पाणी नव्हतं. नळ कोणत्या साहेबांच्या काळात बसले ते आता कोणालाच आठवत नाही. खालचे लोक मोटारी लावून पाणी ओढून घेणार आणि वर पाईपातून नुसती हवा जाणार. मग टँकर यायचा आणि त्याच्यामागे बायका धावायच्या. वर वेगळी टाकी बांधायची आणि तिला वेगळा पाईप टाकायचा, हे यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. टाकीला जागा मिळाली तर निधी नाही. निधी आला तर रस्ते खात्याची खोदायची परवानगी नाही. परवानगी आली तोवर ठेकेदार पळाला. जेवताना हे टेकडीच्या विषयावर आले की पुढचं वाक्य मीच म्हणायची, इतकं ते पाठ झालं होतं. लेक तर ताट घेऊन सरळ दुसऱ्या खोलीत जायची.

शेवटी टाकी झाली. पाईपही पडला. आता खालची मोठी चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, फिरवायची, पंप लावायचा, की पाणी वर. आणि ते कोणी सोडेना! कारण काय, तर बाजारातून जाणारा पाईपचा एक तुकडा जुनाच ठेवला होता. नवा टाकायचा तर अख्खा बाजार खणायला हवा आणि ते दुकानदार होऊ देईनात. दाब आल्यावर तो तुकडा टिकेल की फुटेल, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. टिकला तर श्रेय वरच्यांचं. फुटून दुकानांत पाणी शिरलं, तर ज्याच्या आदेशाने चावी फिरली त्याची मान अडकणार. म्हणून बैठका. बैठकीत ठरायचं काय, तर पुढची बैठक.

मग यांनी जाहीर केलं की पाणी आपल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सोडायचं. मी म्हटलं, "मुहूर्त कसला बघताय? सोडायचंच तर आधी सोडा." हे वर्तमानपत्र उघडून बसले. मला वाटलं, जाता जाता नाव व्हावं अशी हौस असेल. तेवढी हौस माणसाला असावी, असं मनाशी म्हणून मी विषय सोडला.

आता निरोपाच्या दिवशी काय झालं ते ऐका.

यांच्या कार्यालयात एक हेडक्लार्क आहे. सगळे त्याला 'होऊन जाईल' म्हणतात, कारण कोणतंही काम सांगा, तो मान हलवून तेवढंच म्हणतो. मनाने लोण्यासारखा. कामाचं विचारू नका. निरोपाचा सगळा घाट त्यानेच घातला होता. सकाळी हे कार्यालयात पोहोचले तर दारापासून खुर्चीपर्यंत माणसंच माणसं. कोणी पुष्पगुच्छ देतंय, कोणी फोटो काढतंय, कोणी डोळे पुसतंय. त्या गर्दीतच होऊन जाईलने यांच्यापुढे कागद सरकवले आणि यांनी सह्या केल्या. घरी दूधवाल्याचं बिलसुद्धा दोनदा वाचणारा माणूस हा. आयुष्यात एकदा न वाचता सही केली ती नेमकी त्या दिवशी.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात कार्यक्रम. मलाही व्यासपीठावर बसवलं. माझ्या एका बाजूला हे, यांच्या पलीकडे यांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम. तरुण, हुशार, आणि चेहऱ्यावरून झोप न झालेल्या. टेबलावर प्रत्येकापुढे विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली. पाणीपुरवठा खात्याचं सभागृह, बरं का. हे त्या बाटलीकडे असे बघत होते की मला वाटलं आता उठून बाहेर फेकतात.

ते यंत्राचं खोकं देऊन झालं आणि भाषणं सुरू झाली. एकजण म्हणाला, साहेब नोकरीतून निवृत्त होताहेत, सेवेतून नाही. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने सुरुवातच त्या वाक्याने केली. साहेबांच्या दारातून कोणी विन्मुख गेलं नाही, म्हणे. माझ्या भावाला बोलवायला हवं होतं. माईक मधेच किंचाळत होता आणि हे दर थोड्या वेळाने मागे वळून होऊन जाईलला विचारत होते, "चावीवाला गेला का? सुरू झालं का?" चावीवाला म्हणजे ती मोठी चावी फिरवून पाणी सोडणारा माणूस.

"होऊन जाईल, साहेब."

मी समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत चावीवाला ऐसपैस बसून केक खात होता. शेजारी पंपावरची सगळी मंडळी, त्यांच्याही हातात बशा. मी यांना कोपराने ढोसलं. यांनी पाहिलं आणि यांचा चेहराच उतरला.

"हे सगळे इथे काय करताहेत?"

होऊन जाईल अभिमानाने वाकला. "सगळे हजर आहेत, साहेब. आज एकालाही कामावर ठेवलं नाही. सगळे तुमच्यासाठी!"

"त्याला आत्ताच्या आत्ता पाठव. माझा आदेश आहे."

होऊन जाईल अवघडला. "साहेब, तुमचा आदेश आता... चालायचा नाही."

"का?"

"चार्ज सकाळीच मॅडमकडे गेला ना. तुम्हीच सही केलीत. शेवटच्या दिवशी साहेबांच्या डोक्याला कसला ताप नको, असं सगळ्यांच्या मनात होतं. म्हणून मी मुद्दाम कागदावर सकाळची वेळ टाकली. नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळी जबाबदारी तुमच्यावरच राहिली असती."

प्रेमाने गळा दाबणं म्हणतात ते हेच. इतकी वर्षं यांनी सुट्टी मागितली की कागद सापडायचा नाही, आणि एका दिवसाचं ओझं उतरवायला मात्र कागद सकाळीच तयार!

हे मॅडमकडे वळले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही आदेश द्या. सगळी तयारी आहे."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "सर, मला आजच चार्ज मिळालाय. बाजारातला पाईप फुटला तर पहिल्याच दिवशी माझी चौकशी लागेल. पुढच्या महिन्यात एकदा तज्ज्ञांकडून तपासून घेऊ आणि मग बघू."

"म्हणून तर मी आजचा दिवस ठेवला होता," हे म्हणाले. "फुटलं तर माझ्या नावावर फुटलं असतं. मला आता बढती नको आणि बदलीची भीती नाही. टिकलं असतं तर तुम्हाला चालू लाईन मिळाली असती. फुटलं असतं तर शिव्या माझ्याबरोबर गेल्या असत्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हौस नव्हती ती. हा माणूस जाताना सगळ्यांचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन जाणार होता. चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती, म्हातारपणी खेटे घालावे लागले असते, आणि बायकोला याचा पत्ताही नाही! मला इतका संताप आला की विचारू नका. आणि संतापाच्या खाली दुसरंही काही होतं. तेही सांगते. मला या माणसाचा अभिमान वाटला. पण त्या वेळी संताप मोठा होता.

होऊन जाईल मधे वाकून कुजबुजला, "साहेब, एवढंच ना? सकाळचं खोडून संध्याकाळ करतो. कागद आपलाच आहे."

"नाही," हे म्हणाले. "सकाळी सोडला तो सोडला. खोटी वेळ लिहायची नाही."

घ्या! टेकडी तहानलेली राहील, पण कागदावरची वेळ खरी पाहिजे. मी कपाळावर हात मारून घेतला. एका बाजूला नियमाने बांधलेला, दुसऱ्या बाजूला भीतीने बांधलेली, मधे केक. आणि नेमकं तेव्हाच सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आता वहिनींना विनंती करते, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी उठले. यांनी माझा चेहरा पाहून माझा हात धरायचा प्रयत्न केला, तो मी सोडवला.

"मी बोलायला आले नव्हते," मी म्हटलं, "पण आता बोलते. या माणसाने माझ्या भावाला नळ दिला नाही. मला बादलीभर पाणी जास्त दिलं नाही. मी तेव्हा चिडले होते आणि अजून चिडलेलीच आहे. पण मनात म्हणायची, जाऊ दे, टेकडीवरच्या बायकांना तरी मिळेल. आज मिळणार होतं. आणि ते सोडणारी सगळी माणसं इथे माझ्यासमोर केक खात बसली आहेत. तुमचं यांच्यावर एवढं प्रेम असेल तर निरोप राहू द्या. उठा आणि पाणी सोडा. आणि ज्यांना पाईप फुटायची भीती वाटते त्यांनी एवढंच सांगावं, वरच्या बायकांनी टँकरमागे अजून किती वर्षं धावायचं?"

चावीवाल्याने बशी खुर्चीखाली ठेवली. हे माझ्याकडे बघतच नव्हते. मी खाली बसले तेव्हा मला वाटलं, झालं, शेवटच्या दिवशी मी यांची शोभा केली.

मॅडम उठल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "कार्यक्रम थांबवा," त्या म्हणाल्या. "पंपावरचे सगळे खाली चला. आदेश माझा आहे. लेखी देते."

"बाई, विचार करा," आता हेच घाबरले. "बाजारातला जुन्या पाईपचा सांधा..."

"सर, तुम्ही सकाळीच चार्ज दिलाय ना मला?" मॅडम म्हणाल्या आणि चपला वाजवत निघून गेल्या.

खाली खात्याची जीप उभी होती. हे काही केल्या तिच्यात बसेनात. म्हणे, मी आता खात्यात नाही. एव्हाना माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मी रिक्षाला हात केला. रिक्षा टेकडी चढायला लागली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही भाषणात काय बोलणार होतात?"

हे म्हणाले, "हेच की आमच्या नोकरीत चूक न करणं फार सोपं असतं. काहीच केलं नाही की चूक होत नाही. वर लोक शहाणा म्हणतात. मी अर्धी नोकरी तशीच काढली गं. ही लाईन खूप आधी होऊ शकली असती."

"मग हे त्या सभागृहात बोलला असतात?"

"नसतो बोललो बहुतेक," हे म्हणाले. "आभार मानून खाली बसलो असतो."

वर पोहोचलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं, प्रत्येक दारात एक कोरडा नळ. एका नळाला कोणी पिशवी अडकवली होती, एकाला पोराची वाळत घातलेली चड्डी. हे एका घराच्या पायरीजवळ उभे राहिले आणि नळाकडे बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग नळांतून हवा यायला लागली, फुसफुस, घरघर. बायका दारात आल्या. मग तांबडं, गंजाचं पाणी उडालं, आणि त्यानंतर धार लागली. एकच गलका झाला. हंडे, बादल्या, पातेली, ज्याच्या हाती जे लागलं ते बाहेर आलं.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. मॅडम होत्या. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "सर, बाजारातला सांधा गळतोय. फुटलेला नाही. दुकानदार ओरडताहेत. मी खड्ड्यात उतरलेय, सांध्यावर पट्टी आवळून घेते. नाही, तुम्ही खाली येऊ नका. सर, ऐका, तुम्ही येऊ नका." फोन बंद झाला. हे दोन पावलं उताराकडे गेले आणि परत फिरले. यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

त्याच घरातली बाई बादली भरत होती. तिने यांना नीट पाहिलं. "तुम्ही पाण्याच्या ऑफिसातले ना? इथे येऊन मोजमापं घेऊन जायचात."

"हो."

"मग एवढ्याला एवढी वर्षं लागतात? एक चावी फिरवायला?"

मला वाटलं आता निधी, परवानगी, ठेकेदार असं सगळं सुरू होणार. मला पाठच होतं ते. पण हे म्हणाले, "चुकलं आमचं."

"आमचं म्हणजे कोणाचं?"

"माझं," हे म्हणाले. "मी भीत होतो."

बाई नरमली नाही. का नरमावं तिने? "मला काय सांगता? आत माझी सासू आहे, तिला सांगा. पाणी वाहून वाहून कमरेतून गेली ती. आता उठता येत नाही."

यांनी चपला काढल्या आणि आत गेले. मी दारात थांबले. खाटेवर एक वाळलेली म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. हे वाकून म्हणाले, "आजी, नळाला पाणी आलं."

"खोटं बोलतोय," म्हातारी भिंतीलाच म्हणाली. "दर वेळी कोणीतरी येतो आणि असंच सांगतो. हाकला याला."

मला राहवलं नाही, मी बोलायला पुढे झाले. यांनी मान हलवून मला थांबवलं आणि मुकाट्याने बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. सुनेने नळाखाली पेला धरला, भरला आणि आत नेला. आम्ही बाहेर वाट बघत राहिलो. कशाची ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग आतून म्हातारीचा आवाज आला. चांगला खणखणीत.

"गढूळ आहे हे! तक्रार कोणाकडे करायची?"

"माझ्याकडे करा, आजी," हे सवयीने म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. आता यांच्याकडे कोणी तक्रार घेऊन येणार नव्हतं. हे खाली पायरीवर बसले आणि ओल्या गल्लीत, सगळ्या बायकांसमोर, हुंदके देऊन रडले. मी शेजारी बसले.